खाणावळीचे मेंबर

आमच्या सामुदायिक रेडिओवर आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम असतो. वस्तीतल्याच एखाद्या माणसाने आपलं आयुष्य सांगायचं आणि आम्ही फारसं मध्ये न पडता ते ऐकवायचं. लालबाग-परळच्या आसपास हे काम करायचं म्हटलं की गिरणी येतेच. साचेखात्यातले (विणकामाचे), रिंगखात्यातले (सूतकताईचे) म्हातारे कामगार आपणहून येऊन बसतात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि तो संप आजवर कुणी रीतसर मागे घेतलेला नाही, हे त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलंय. सभा, मोर्चे, संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत, एकेक करत बंद पडलेले भोंगे. हे ऐकवायलाच हवं आणि आम्ही ऐकवतो. पण या सगळ्यांना जेवू घालणारी बाई आमच्या रेकॉर्डिंगमध्ये एकदाही आली नव्हती. मला ते फार दिवस खुपत होतं.

गिरणगावातली खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. घाटावरून, कोकणातून आलेले पुरुष बायकामुलं गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे. पहिली पाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, रात्रपाळी बारा ते सात. एक पाळी कामावर गेली की तिच्या जागेवर दुसरी झोपायची. त्यांचं दोन वेळचं जेवण चाळीतल्याच एखाद्या बाईकडे लावलेलं असायचं. जेवणाऱ्याला म्हणायचं मेंबर. महिनाभर जेवायचं आणि पगार झाला की हिशोब करायचा. मेंबर गावी गेला किंवा पाहुण्यांकडे जेवला तर त्या वेळेचा खाडा धरायचा, म्हणजे तेवढे पैसे हिशोबातून वजा करायचे. बाईने मात्र महिनाभराचा किराणा उधारीवर आणायचा आणि त्यावर व्याज भरायचं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते याच व्याजातून त्यांना सोडवण्यासाठी. पण ते सगळ्याच जणींपर्यंत पोचलं असं नाही. मी ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या मावशींचा व्यवहार शेवटपर्यंत दुकानदाराशीच होता.

मावशींचा पत्ता मला एका निवृत्त कामगाराने दिला. संपाबद्दल बोलता बोलता ते म्हणाले, "माझं काय घेऊन बसलीस, जिच्याकडे मी जेवलो तिला विचार." (हे सगळं लिहायला मावशींनी हो म्हटलंय. मेंबरांची गावं, खाती आणि हिशोब मी इथे बदललेत.)

चाळीतल्या खोलीत रेकॉर्डिंग करणं हे एक वेगळंच काम आहे. पंखा बंद करावा लागतो, फ्रिजचा प्लग काढावा लागतो, शेजारणीला कुकर जरा उशिरा लावायला सांगावं लागतं. सुरुवातीला मिनिटभर कुणीच काही बोलायचं नाही, नुसता खोलीचा आवाज घ्यायचा. नंतर बोलण्यात काप केला तर सांधा लपवायला तो लागतो. आणि समोरचा बोलत असताना आपण "हं, हो का" करायचं नाही, नुसती मान हलवायची. नाहीतर तो हुंकार त्याच्या वाक्यावर बसतो आणि मग काढता येत नाही.

मावशींच्या गळ्याशी माईक लावला आणि विचारलं, "संपाच्या वेळी काय झालं?" त्या म्हणाल्या, "संपात सगळं गेलं. मानसं गावाला गेली. आमी भोगलं." आणि माझ्याकडे बघत राहिल्या, झालं का, अशा नजरेने. आधी कुणी कुणी येऊन हाच प्रश्न विचारून गेले असणार. हे उत्तर त्यांनी त्या लोकांसाठी तयार ठेवलेलं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण त्यात मावशी कुठे नव्हत्या.

मग मी संप सोडला. म्हटलं, "मावशी, तुमच्याकडे जेवायला कोण कोण होतं?"

"नावं सांगू का जेवण सांगू?"

"तुम्हाला आधी काय आठवतं?"

"जेवण," त्या म्हणाल्या, आणि पुढचा तास-दीड तास मला काही विचारावं लागलं नाही.

"पाटनकडचा एक व्हता, रिंगखात्यात. त्याला भाकरी कडक लागायची, पापुद्रा सुटलेली. मऊ वाढली तर तक्रार न्हाई करायचा, गप खायचा. पन दुसरी मागायचा न्हाई. त्यावरनं मला कळायचं. देवगडचा एक, साचेखात्यात. त्याला भातच पायजे. भाकरी वाढली तर तुकडा मोडून ताटाच्या कडंला ठेवायचा. रोज. मी पन रोज वाढायची. एक रातपाळीवाला सकाळी सुटून यायचा, डोक्यात कापूस. त्याला म्हनायची, आधी नळावर जा. एक बदलीवाला पोरगा व्हता, कुनी गैरहजर असंल तरच त्याला काम. गेटवर नंबर लागला न्हाई की त्या दिवशी जेवायला यायचाच न्हाई. जेवला तर पैसं चढतील ना. मग मी माझ्या पोराला धाडायची, जा, म्हनावं आज आमटी उरलीय, टाकून द्यावी लागंल."

प्रत्येक माणसाच्या शेवटी एक शेपूट यायचं. "ह्याचे तीन म्हयने राह्यले." "त्याचे पाच." "त्या दोघा भावांचे मिळून सात." संप लागला तेव्हा हे सगळे जेवतच होते. पगार नाही म्हणून जेवण बंद करायचं, हे काही मावशींच्या मनात आलं नाही. चार-सहा महिन्यांत मिटेल असं सगळेच म्हणत होते. मग एकेक जण पेटी उचलून गावाला गेला. वही त्यांच्याकडे नव्हती, कधीच नव्हती. त्यांना लिहिता येत नाही. सगळा हिशोब डोक्यात होता आणि तो इतक्या वर्षांनीही जागचा हललेला नव्हता.

शेवटी एकाची गोष्ट आली. संपानंतर खूप वर्षांनी तो गावाहून परत आला, केवळ मावशींचे पैसे द्यायला. शेळ्या विकून आला होता. "मी म्हटलं, बस, आधी जेव. जेवला. मग पैसं काढलं. मी निम्मं घेतलं, निम्मं त्याच्या हातात परत ठेवलं. पोरीचं लगीन व्हतं त्याच्या." हे सांगताना मावशींचा आवाज पहिल्यांदा जड झाला. मला तेव्हाच कळलं की कार्यक्रमाचा शेवट हाच. इतका चांगला शेवट वर्षातून एखादाच हाती लागतो.

स्टुडिओत बसून मी तसाच कार्यक्रम बांधला. आडनावं काढली, ती आम्ही नेहमीच काढतो. शेळ्यांची गोष्ट शेवटी ठेवली आणि तिच्यानंतर खोलीचा रिकामा आवाज जरा लांबवला. मग रेकॉर्डिंग घेऊन मावशींकडे परत गेले. प्रसारणाच्या आधी सांगणाऱ्याला तयार कार्यक्रम ऐकवायचा आणि त्याने हो म्हटल्याशिवाय लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

हा नियम का, ते सांगायला हवं. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटलं. २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचे परवाने मिळू लागले. २००८ मध्ये तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी बायकांचा रेडिओ सुरू झाला, आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. या सगळ्या केंद्रांची ताकद मुद्दाम कमी ठेवलेली असते. शंभर वॉटच्या आसपास, अँटेना साधारण तीस मीटरपर्यंत. मुंबईत मध्ये टॉवर उभे राहिले की आवाज आणखी लवकर अडतो. वर्तमानपत्रात मावशींची मुलाखत आली असती तर ती नाशिकला, नागपूरला कुणीतरी वाचली असती आणि पान उलटलं असतं. आमच्या रेडिओवर ती ऐकणार खालच्या मजल्यावरचे लोक, समोरच्या चाळीतले लोक, मावशींबरोबर एकाच भाजीवाल्याकडे उभ्या राहणाऱ्या बायका. सांगणाऱ्याला उद्या सकाळी त्यांच्यातच जायचं असतं. या कामातली माझ्या मते सगळ्यात मोठी जबाबदारी हीच आहे, आणि माईक, संपादन वगैरे सगळं तिच्यानंतर येतं.

मावशींनी हेडफोन लावला. कडक भाकरीपाशी हसल्या. बदलीवाल्या पोराच्या वेळी मान हलवली. शेळ्यांची गोष्ट सुरू झाली आणि त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ह्ये काढ."

"मावशी, हे तर सगळ्यात चांगलं आहे."

"चांगलं हाय म्हनूनच काढ. ह्यानं फेडलं म्हनून सांगितलंस की बाकीचे बुडवे झाले. त्यांची पोरं इथंच ऱ्हात्यात, सुना हायत, नातवंडं हायत. त्यांच्याकडं असतं तर दिलं नसतं व्हय?"

मी म्हटलं, नुसते महिने काढू, गोष्ट राहू दे. त्यांनी थोडा विचार केला. "म्हयने पन काढ आन् त्यो पन काढ. जेवन ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी केंद्रावर यावरून चांगलीच चर्चा झाली. संपादन करणारा माझा सहकारी म्हणाला, उधारी काढली तर संपाने या बाईचं काय केलं हे ऐकणाऱ्याला कळणारच नाही. कार्यक्रम गोडगोड होईल, जुन्या जेवणाच्या आठवणी. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खाणावळवाल्यांचं नुकसान इतिहासात आधीच कुठे धरलेलं नाही. कामगारांना निदान संघटना होती, नंतर घरांची सोडत आली. या बायकांची कुठल्याच यादीत नोंद नव्हती. आणि आता तिचं नुकसान आम्हीच कापून टाकायचं?

मी पुन्हा मावशींकडे गेले आणि त्याचं म्हणणं जसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग माझं सांग की. दुकानदाराचं मी किती वर्सं फेडत व्हते, ते सांग. डोरलं मोडलं, ते सांग. माझं कर्ज माझं हाय, त्ये मी कुनाला बी सांगीन. त्यांचं त्यांना सांगू दे."

त्या दिवशी आम्ही परत माईक लावला. थोरल्या पोराच्या पगारातून, मग स्वतः दोन घरची धुणीभांडी करून, मग पुन्हा डबे देऊन त्यांनी दुकानदाराचं कसं फेडलं ते आलं. तो दुकानदार व्याज सोडत नव्हता, पण माल देणंही त्याने कधी थांबवलं नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. संप इथे आला आणि पुरेपूर आला, कुणाच्याही बापाचं नाव न घेता. त्यांनी केलेलं हे संपादन माझ्यापेक्षा चांगलं होतं, असं मी मनापासून म्हणते.

कार्यक्रम लागला. हल्ली पुष्कळ मोबाइलमध्ये एफएम नसतं, म्हणून आम्ही मंडळाच्या कार्यालयात स्पीकर लावूनही ऐकवतो. तिथे जमलेले म्हातारे देवगडच्या माणसाच्या भाकरीच्या तुकड्यावर हसले आणि मग आपापल्या खाणावळवाल्यांच्या आठवणी काढत बसले. कुणाकडे बुधवारी सुकट असायची, कुणाकडे आमटी पातळ. आमच्या स्वयंसेवक मुलीने तिथल्या तिथे पुढच्या मुलाखतींसाठी नावं लिहून घेतली.

दोन दिवसांनी एका बाईंचा फोन आला. माहेरपणाला भावाकडे आल्या होत्या, तिथे ऐकलं म्हणाल्या. "ते कडक भाकरीवाले रिंगखात्यातले, ते माझे वडील तर नव्हेत? आई त्यांच्यासाठी तव्यावरून काढलेली भाकरी पुन्हा निखाऱ्यावर उभी करायची." वडील जन्मभर मुंबईत आणि बाई गावी. जत्रेला आणि दिवाळीला येणारा माणूस एवढीच त्यांची ओळख. संपात ते गावी परतले आणि पुढे लवकरच वारले.

मी पत्ता दिला नाही. आधी मावशींना विचारलं. "येऊ दे की," त्या म्हणाल्या.

दोघींची भेट मी त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड केली. बाईंनी गिरणीबद्दल काहीच विचारलं नाही. वडील इथे कसे असायचे, कुणाशी बोलायचे, आजारी पडले तर कोण बघायचं, हे विचारलं. मावशींना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी सांगितलं, रंगवून सांगितलं नाही. "गप असायचा. ताप आला तेव्हा दोन दिवस पेज दिली. तुझं नाव घ्यायचा. धाकटी धाकटी म्हनायचा, ती तूच का?" त्या धाकट्याच होत्या.

उठायच्या आधी बाईंनी चाचरत विचारलं, "मावशी, त्यांचं काही राहिलं होतं का तुमच्याकडे?"

मावशींनी लगेच उत्तर दिलं. "खाडे धरले तर सगळं फिटलं."

"ह्याचे तीन म्हयने राह्यले" म्हणणारा तो मूळ आवाज माझ्या हार्ड डिस्कवर आहे. त्या फाइलवर "प्रसारणासाठी नाही" असं लिहिलंय आणि ते तसंच राहील.

निघताना बाईंनी विचारलं, कार्यक्रम परत लागणार असेल तर त्यात वडिलांचं नाव घालता येईल का. मावशींना विचारलं, त्या हो म्हणाल्या. पुनःप्रसारणात "पाटणकडचा एक व्हता" च्या आधी आता मुलीच्या आवाजात वडिलांचं पूर्ण नाव, गाव आणि खातं येतं. बाकीचे मेंबर अजून नावाशिवाय आहेत. कुणाच्या घरून फोन आला, तर मावशींना विचारून त्यांचीही नावं घालू.