तुम्ही विचारलंत म्हणून: जमीन नाही, सही नाही, तरी आयरिश पूर्वज सापडतात कसे?

"तुमच्या सासरच्यांकडे ना जमीन होती ना अक्षरओळख, मग एवढ्या पिढ्या तुम्ही काढल्या कुठून?" पुण्याचे नातेवाईक विचारतात, इथले, आयर्लंडमधले, शेजारीही विचारतात. शेजारी जरा संशयानेच, कारण त्यांच्या मते जुने सरकारी कागद सगळे १९२२ मध्ये जळाले.

पुष्कळ जळालं हे खरं. पण गरिबाला इथे कुणी मान म्हणून लिहून ठेवलेलं नव्हतंच. त्याच्यावर पैसा खर्च करायचा होता, त्याच्याकडून वसूल करायचा होता किंवा त्याला डांबायचं होतं, तेव्हा त्याचं नाव वहीत गेलं. त्यामुळे वंशावळ घेऊन कुणी आलं, की "हे लोक सरकारच्या खर्चात कधी आले?" हे मी आधी विचारते.

त्याच्याही आधी टाउनलँड हवा. आपल्या वाडीएवढा जमिनीचा तुकडा, पण सरकारी नकाशात नाव असलेला. देशभरात असे साठ हजारांवर आहेत. "आम्ही काउंटी क्लेअरचे" असं नुसता जिल्हा सांगून भागत नाही. एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच नावा-आडनावाचे चारपाच जण सहज निघतात, आणि त्यातला आपला कोणता हे टाउनलँडच सांगतो.

जनगणनेची कथा म्हणजे कपाळाला हात. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनेच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाई म्हणून लगद्यात गेले. त्याआधीचे, १८२१ ते १८५१ चे, जवळजवळ सगळे ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या अभिलेखागाराबरोबर गेले. पूर्ण उरलेल्या जनगणनांपैकी सगळ्यांत जुनी १९०१ ची, नंतर १९११ ची. पण त्या दोन काय सुरेख आहेत! भिंती कशाच्या, छप्पर कसलं, खोल्या किती, दर्शनी बाजूला खिडक्या किती, सगळं लिहिलेलं. १९११ मध्ये विवाहित बाईला विचारलंय: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, हयात किती. सासूबाईंच्या पणजीच्या रकान्यांत अकरा आणि सहा आहेत. सहीच्या जागी फुली.

हीच पणजी १९०१ मध्ये ५७ वर्षांची आहे आणि १९११ मध्ये ७२. असे दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारे झालेले लोक तुम्हाला गावोगाव भेटतील. कारण १९०८ चा वृद्धापकाळ पेन्शनचा कायदा. जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबाला आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले. आता सत्तरीचा पुरावा आणायचा कुठून? सगळ्यांच्या जन्मांची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ ला. कुणी सांगे, ६ जानेवारी १८३९ चं ते भयानक वादळ मला आठवतंय. बाकीचे अर्ज करत: १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत माझं नाव शोधा. अर्जावर आईवडिलांची नावं आणि टाउनलँड लिहावा लागे. डब्लिनचा कारकून मूळ कागद काढून बघे आणि शेरा मारे.

ते मूळ कागद जळाले, शोधाचे अर्ज मात्र राहिले. आमच्या पणजीच्या अर्जावर कारकुनाने लिहिलंय की १८५१ मध्ये कुटुंब सापडलं, मुलीचं वय सात. म्हणजे अर्जाच्या वेळी, १९१० ला, ती जेमतेम सहासष्ट. बाईंनी थाप मारली होती आणि ती पकडली गेली. पण तिच्या या थापेमुळे मला तिचे आईवडील आणि तीन भावंडं मिळाली. तिचा माझ्यावर भलताच उपकार आहे.

पॅरिशच्या कॅथलिक वह्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये इंटरनेटवर टाकल्या, साधारण १८८० पर्यंतच्या. बऱ्याच ठिकाणी लॅटिन, पाद्र्याचं अक्षर देवाला ठाऊक. नोरा, हॅना, ऑनोरा ही एकच बाई असू शकते. बाप्तिस्म्यात आईचं माहेरचं आडनाव असतं, धर्ममाता-धर्मपिता असतात. ते बहुधा काका-मामा-मावश्याच, म्हणून ती नावं सोडू नका. दफनाच्या नोंदी क्वचितच.

आणि वर्कहाउस, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायचं सरकारी आश्रयगृह. १८३८ च्या कायद्याने देशाचे १३० भाग पाडले, नंतर ते १६३ झाले, आणि प्रत्येकाला एक वर्कहाउस. दुष्काळात, १८४५ नंतर, ती ओसंडून वाहिली. १८४७ पासून पाव एकराहून जास्त जमीन धरून ठेवणाऱ्याला सरकारी मदत बंद झाली. पोटासाठी जमीन सोडायची नाहीतर उपाशी राहायचं. म्हणून पुढच्या जमीन-मूल्यांकनात, ग्रिफिथच्या यादीत, एखादं घर एकदम गायब झालं की मी वर्कहाउसची वही उघडते. आडवी, लांब ओळ: नाव, वय, धर्म, धंदा, अंगावरचे कपडे कसे, आजार कोणता, कुठल्या टाउनलँडचे, आले कधी, गेले कधी. आत शिरल्यावर पंधरा वर्षांवरचे पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, दोन वर्षांवरची मुलं-मुली आणखी तिसरीकडे. पण दारात नाव लिहिताना कुटुंब एकत्र उभं असतं, त्यामुळे नंबर ओळीने पडतात. आमच्या एका आईचे आणि चार मुलांचे नंबर असेच सलग आहेत. कपड्यांच्या रकान्यात "फाटके". शेवटच्या रकान्यात दोघा मुलांपुढे मृत्यूची तारीख, आई आणि बाकीची दोन मुलं वेगवेगळ्या दिवशी बाहेर. अशा वह्या सगळ्या जागच्या उरलेल्या नाहीत. त्या काउंटीच्या अभिलेखागारात विचाराव्या लागतात, आणि तिथली माणसं मदत करतात.

तुरुंगाच्या वह्या विसरू नका. उंची, केस, डोळ्यांचा रंग: फोटो काढायची ऐपत नसलेल्या माणसाचा चेहरा बऱ्याचदा तिथेच भेटतो, तेही दारू पिऊन रस्त्यात गोंधळ घातला म्हणून. कुत्र्याच्या परवान्यांच्याही नोंदी आहेत, १८६६ पासूनच्या; मालकापेक्षा कुत्र्याचंच वर्णन जास्त असतं.

पुण्याच्या नातेवाइकांसाठी एक जास्तीची वाट. उपाशी आयरिश पोरं ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती व्हायची, आणि मुंबईच्या गोऱ्या पलटणीत ती पुष्कळ होती. हीच पलटण पुढे रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली. मुंबई इलाख्यातल्या छावण्यांच्या चर्चमधल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला गेल्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तेव्हा आयर्लंडमध्ये एखादा मुलगा विशीतच नाहीसा झाला, तर खडकी आणि कुलाबा शोधायला हरकत नाही.

१९०१-११ ची जनगणना, पेन्शनचे अर्ज, पॅरिशच्या वह्या आणि सरकारी जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, हे सगळं सरकारी साइटवर फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइटवर कार्ड काढण्याआधी एवढं बघून घ्या.