पॉविस कॅसल : यूच्या भिंती आणि टिपूचा तंबू

शनिवार, रात्री

आज आईला पॉविस कॅसल दाखवलं. श्रुजबरीहून पश्चिमेला निघालेली गाडी वेल्सची हद्द ओलांडून वेल्शपूलला थांबते, तिथून वाडा चालत गाठता येतो. मध्य वेल्सचा हा मुलूख फारच शांत. सोमवारी मेंढ्यांचा मोठा बाजार भरतो तेवढीच काय ती गजबज.

बाग आधी पाहिली. लाल दगडाचा वाडा डोंगराच्या कण्यावर, आणि त्याच्या पायाशी खडक फोडून केलेले लांबच लांब टप्पे, एकाखाली एक. 1680 च्या दशकातलं हे काम. वरच्या टप्प्यावर यूची, म्हणजे सुरूसारखी सदाहरित झाडं एवढी फुगली आहेत की ती भिंतीवरून खाली ओघळल्यासारखी दिसतात. लावली तेव्हा ती कातरून ठेवलेली छोटी टोकदार रोपं होती. पुढे फॅशन बदलली, कात्री थांबली, झाडं वाढत गेली. आता कुंपण जवळजवळ 14 मीटर उंच झालंय आणि दरवर्षी उन्हाळा सरता सरता छाटणी सुरू झाली की ती काही आठवडे चालते. आईने पानांवरून हात फिरवला. कठड्यावर शिशाचे मेंढपाळ-मेंढपाळणी नाचताहेत, खाली सेव्हर्न नदीचं खोरं, पलीकडे इंग्लंडचे डोंगर. मोरही फिरत होते. आई त्यांच्याकडे माहेरचं माणूस भेटल्यासारखी बघत राहिली.

मग आत गेलो.

रॉबर्ट क्लाइव्ह स्वतः इथे राहिला नाही. त्याचा मुलगा एडवर्ड याने 1784 मध्ये पॉविसच्या हेन्रिएटा हर्बर्टशी लग्न केलं आणि त्या लग्नातून क्लाइव्हचा पैसा नि वस्तू या घराण्यात आल्या. हिंदुस्थानातल्या नि आशियातल्या हजाराहून जास्त वस्तू आहेत म्हणे. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. टिपूचं सिंहासन तोडून तुकडे लुटीत वाटले गेले. त्यावरचं सोन्याचं एक वाघाचं मुंडकं, माणकं-पाचू जडवलेलं, इथे काचेत आहे. माझ्या मुठीएवढंही नसेल.

तंबूसमोर मात्र मी बराच वेळ उभी राहिले. पांढऱ्या चिटावर फुलदाण्या, वेली, रंग अजून ताजे. कापड टिपूच्या जन्माआधीचं मानतात. आणि पॉविसच्या घराण्याने हा तंबू याच बागेत मेजवान्यांसाठी मांडव म्हणून वापरला! मघाशी ज्या हिरवळीवर आम्ही डबा खाल्ला, तिथेच कुठेतरी. हे वाचल्यावर माझ्या पोटात कालवलं. बाग आणि लूट अशा दोन वेगळ्या गोष्टी मला करताच येईनात.

आई तोवर गप्प होती. मग म्हणाली, "अगं, हाच ना तो विजयदुर्गवाला?" हाच. प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी 1756 मध्ये, समुद्रातून इंग्रज ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि जमिनीवर क्लाइव्हची फौज, असा घेरियावर, म्हणजे विजयदुर्गावर, हल्ला झाला. तुळाजी आंग्र्यांची गलबतं खाडीत जळाली. आईचं आजोळ गिर्ये, तिथून किल्ला दिसतो. शाळेत आम्हाला प्लासी पाठ करायला लावली, विजयदुर्गला क्लाइव्ह आला होता हे मात्र मला आईनेच सांगितलेलं. आणि इंग्रजांना या मोहिमेत बरोबर घेतलं होतं खुद्द पेशव्यांनी. किल्ल्यातला खजिना इंग्रजांनी आपसात वाटून घेतला, पेशव्यांना त्यातलं काही दिलं नाही. आरमार बुडालं ते मराठ्यांचंच, ही बोच मला क्लाइव्हच्या पराक्रमापेक्षा जास्त लागते.

तरी एका बाईबद्दल मनात आदर घेऊन आले: लेडी व्हायोलेट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने खालच्या भाजीच्या मळ्याचा फुलबाग केला. तिचा थोरला मुलगा 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईत जखमी होऊन गेला. तिच्या नवऱ्याने 1952 मध्ये मरताना वाडा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिला, म्हणून आमच्यासारख्यांना आज फाटक उघडं आहे.

परतताना गाडीत आमचा वाद झाला. आईचं म्हणणं, तंबू आणि वाघ सरळ श्रीरंगपट्टणला पाठवावेत. मी म्हटलं, चीट नाजूक, तिथल्या हवेत टिकेल का? "एवढी वर्षं बागेत मांडव म्हणून टिकलं ना?" आई म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही. मला वाटतं, तिचंच बरोबर आहे.