लाईन आली की उठणारा संगणक

मोठ्या टीव्हीला जोडलेला संगणक स्लीपमध्ये टाकल्यावर तिथे टिकत नाही, ही तक्रार ऐकायला एकच वाटली तरी तिच्यात तीन निरनिराळे बिघाड मिसळलेले असतात. कोणीतरी त्याला झोपेतून उठवते, हा पहिला. उठल्यावर कोणीतरी त्याला पुन्हा झोपू देत नाही, हा दुसरा. तिसरा असा की तो झोपेतून उठलेलाच नसतो. त्याची वीज गेलेली असते आणि वीज परतल्यावर तो नव्याने सुरू झालेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही प्रकारांत पंख्याची घरघर आणि पेटलेला दिवा एवढेच कळते. इंटरनेटवरच्या मार्गदर्शनात पहिल्या दोन प्रकारांची चर्चा भरपूर सापडते, तिसऱ्याची फारच थोडी. आणि आमच्यासारख्या खेड्यात मात्र तोच सर्वांत आधी तपासावा, असे माझे मत झाले आहे.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमचे गाव आहे. घरच्या बैठकीत एका कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप आहे, त्यावर विंडोज 10 आणि चित्रपट-गाणी लावणारा कोडी हा प्रोग्राम आहे, एचडीएमआय केबलने तो टीव्हीला आणि ॲम्प्लिफायरला जोडलेला आहे, रिमोटसाठी यूएसबीचा रिसीव्हर आहे आणि राऊटरपर्यंत नेटवर्कची केबल गेली आहे. विंडोज 10 चा सर्वसाधारण पाठिंबा ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, हे मला ठाऊक आहे. पण या यंत्राचा प्रोसेसर विंडोज 11 च्या अटींत बसत नाही आणि चित्रपट, क्रिकेट व लग्नांच्या जुन्या चित्रफिती पाहण्यासाठी नवे यंत्र घेण्याची आमची इच्छा नाही. बाबा त्याच बैठकीत झोपतात, त्यामुळे संगणक रात्री जागा झाला की त्याची बातमी मला सकाळी चहाबरोबरच मिळते. शिवाय खर्चाचाही प्रश्न आहे. असा जुना डेस्कटॉप नुसता चालू राहिला तरी साधारण 50 वॅट घेतो, स्लीपमध्ये तोच दोन-तीन वॅटवर येतो. रोज रात्री 10 तास तो विनाकारण चालला तर अर्धा युनिट, म्हणजे महिन्याला 15 युनिट, कोणी काही न पाहता खर्ची पडतात.

अशा वेळी अंदाजाने एकेक सेटिंग बदलत बसण्याचा मोह होतो. त्याची गरज नसते, कारण विंडोज प्रत्येक वेळी नोंद ठेवत असते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून त्यातल्या विंडोज लॉग्जखालच्या सिस्टीम या भागात गेले की तीन नोंदी शोधायच्या. कर्नल-पॉवरची 42 क्रमांकाची नोंद म्हणजे संगणक झोपायला गेला. पॉवर-ट्रबलशूटरची 1 क्रमांकाची नोंद म्हणजे तो झोपेतून परत आला. तिच्यात झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ आणि बहुतेकदा उठवणाऱ्याचे नावही असते. आणि कर्नल-पॉवरचीच 41 क्रमांकाची नोंद म्हणजे संगणक नीट बंद न होता मध्येच बंद पडला आणि नंतर पुन्हा सुरू झाला. रात्रीची 42 सापडली आणि तिच्यानंतर 1 ऐवजी 41 असेल, तर उठवणाऱ्याचा शोध तिथेच थांबवावा, कारण त्याला कोणी उठवलेलेच नाही.

आमच्याकडे या नोंदींचा अर्थ लागण्यासाठी बाबांचे निरीक्षण फार उपयोगी पडले. ते म्हणाले, "तुहा थो डब्बा लाईन आली का आपोआप सुरू होते. मी पाह्यलं." मी विचारले, "बाबा, रात्री लाईन किती वाजता आली होती?" त्यावर, "अडीच-पावणेतीनले आली असंन," असे उत्तर आले. लॉगमध्ये 41 क्रमांकाची नोंद 2 वाजून 38 मिनिटांची होती.

याचे कारण स्लीपच्या रचनेतच आहे. डेस्कटॉपची नेहमीची झोप, जिला तांत्रिक भाषेत एस-3 म्हणतात, तिच्यात प्रोसेसर, डिस्क आणि पंखे बंद होतात, पण रॅमला थोडी वीज मिळत राहते आणि उघडे असलेले सगळे काम त्या रॅममध्येच असते. ती वीज तुटली की रॅम रिकामी होते आणि झोपेतून परतण्यासाठी काही शिल्लकच राहत नाही. आमच्या घरी इन्व्हर्टरच्या लाईनवर दिवे आणि पंखे घेतलेले आहेत, टीव्हीचा पॉइंट नाही. अशी वायरिंग खेड्यातल्या पुष्कळ घरांत आढळते. वीज परत आल्यावर पुढे काय करायचे हे मदरबोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, ठरलेले असते. तिथे रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस किंवा त्यासारख्या नावाचा पर्याय असतो आणि त्याला बंद राहा, सुरू हो किंवा आधीच्या स्थितीत जा, अशी तीन उत्तरे असतात. आमच्या यंत्रात तिसरे उत्तर निवडलेले होते आणि झोपलेल्या संगणकाला तो बोर्ड चालू समजत होता. कार्यालयात ही सोय योग्यच असेल. बैठकीत तिचे काम नाही. तिथे बंद राहा हेच उत्तर द्यावे.

वीज पूर्ण गेली नाही तरी हेच घडू शकते. हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत शेतीपंपांची थ्री-फेज रात्रपाळीत असली की आमच्या गावातले व्होल्टेज उतरते. टीव्हीच्या स्टॅबिलायझरला लो-कट असतो. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले की तो पुढचा पुरवठा तोडतो आणि व्होल्टेज सुधारल्यावर थोड्या विलंबाने परत जोडतो. घरातले दिवे मंद होतात पण विझत नाहीत, म्हणून लाईन गेली होती असे कोणीच म्हणत नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती गेलेली आणि आलेली असते. रब्बीत हा त्रास वाढतो आणि पावसाळ्यात कमी होतो, असे ज्यांना जाणवत असेल त्यांनी विंडोजकडे वळण्यापूर्वी स्टॅबिलायझरकडे पाहावे.

बायोसमधला पर्याय बदलल्यावर उरल्या त्या खऱ्या झोपमोडी, म्हणजे 1 क्रमांकाच्या नोंदी. त्यांच्यासाठी कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडावा आणि पॉवरसीएफजी ही आज्ञा वापरावी. पॉवर या शब्दाला जोडूनच सीएफजी ही तीन अक्षरे इंग्रजीत लिहायची. तिच्यापुढे तिरकी रेघ देऊन लास्टवेक लिहिले तर शेवटी कोणी उठवले ते कळते, वेकटायमर्स लिहिले तर पुढे कोणते काम ठरावीक वेळी उठवणार आहे ते कळते, आणि डिव्हाइसक्वेरी वेक-आर्म्ड लिहिले, ज्यात वेक आणि आर्म्ड यांच्यामध्ये अधोरेषा असते, तर उठवण्याची परवानगी असलेल्या उपकरणांची यादी मिळते. लास्टवेकचे उत्तर कधी कधी नुसते यूएसबी कंट्रोलर एवढेच येते. त्या कंट्रोलरवर माऊस, कीबोर्ड आणि रिमोटचा रिसीव्हर सगळेच असल्याने तेवढ्याने काही ठरत नाही, आणि मग ही यादी कामी येते.

आमच्या यादीत सर्वांत वरचे नाव नेटवर्क कार्डाचे होते. दुरून संगणक उठवण्याची जी सोय आहे तिच्यासाठी मॅजिक पॅकेट नावाचा संदेश ठरलेला आहे: आरंभी सहा बाइट एकाच ठरावीक मूल्याचे आणि त्यानंतर त्या कार्डाचा सहा बाइटचा पत्ता सोळा वेळा, असे एकूण 102 बाइट. एखाद्याला नावाने सोळा वेळा हाक मारावी तसा हा प्रकार असल्याने तो चुकून घडत नाही. पण विंडोजमध्ये कार्डाला त्याखेरीज पॅटर्न मॅच नावाची दुसरीही परवानगी अनेकदा दिलेली असते, आणि तिच्यामुळे नेटवर्कवर कोणी या संगणकाचा पत्ता नुसता विचारला तरी तो उठू शकतो. घरातल्या कोणी रात्री मोबाइलवर व्हिडिओचे एखादे ॲप उघडले आणि त्या ॲपने घरातली सामायिक उपकरणे शोधायला सुरुवात केली, तर तेवढे निमित्त पुरते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन फक्त मॅजिक पॅकेटनेच उठावे ही खूण करावी. दुरून उठवण्याची गरजच नसेल तर उठवण्याची परवानगी पूर्ण काढून टाकावी. मी तेच केले.

माऊसची परवानगीही काढली, कारण ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावरून गेली की आमच्या बैठकीतले टेबल हलते आणि ऑप्टिकल माऊसला तेवढी हालचाल पुरेशी असते. रिमोटच्या रिसीव्हरची परवानगी मात्र ठेवली. ती काढली तर पलंगावरून न उठता चित्रपट लावण्याचा सगळा हेतूच संपतो.

वेळेवर लावलेली कामे हा वेगळा विषय आहे. विंडोजची स्वतःची देखभाल ठरवून मध्यरात्रीनंतर चालते आणि तिला संगणक उठवण्याची मुभा देता येते. अपडेटनंतरचे पुन्हा सुरू होणेही अशाच टायमरवर असते. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत यादीत स्लीपखाली अलाऊ वेक टायमर्स हा पर्याय आहे. त्यात केवळ महत्त्वाचे टायमर चालू द्यावेत असे मधले उत्तर आहे, पण महत्त्वाचे कोणते हे विंडोज ठरवते आणि अपडेटनंतरचा रीस्टार्ट त्यातच मोडतो, म्हणून बैठकीतल्या यंत्रासाठी मला ते उत्तर निरुपयोगी वाटते. सरळ डिसेबल करावे आणि अपडेट दिवसा, आपण समोर असताना करावे.

आता दुसरा बिघाड. टायमरने उठलेला आणि कोणी स्पर्श न केलेला संगणक साधारण दोन मिनिटांत आपोआप परत झोपावा, अशी विंडोजची मूळ व्यवस्था आहे. तो झोपत नसेल तर कोणीतरी त्याला अडवून ठेवले आहे, आणि पॉवरसीएफजीपुढे रिक्वेस्ट्स लिहिले की अडवणाऱ्याचे नाव दिसते. आमच्याकडे ध्वनीचा प्रवाह चालू असल्याची नोंद होती. कोडीमध्ये गाणे नुसते थांबवून ठेवलेले होते आणि ॲम्प्लिफायरकडे जाणारा ध्वनीमार्ग त्यामुळे उघडा राहिला होता. कोडीच्या सेटिंग्जमधल्या ध्वनीच्या भागात असा प्रवाह किती वेळ जागता ठेवायचा हे ठरवता येते. टॉरेंटचे प्रोग्राम आणि दुसऱ्या संगणकावरून उघडी राहिलेली सामायिक फाइल हेही याच यादीत सापडणारे नेहमीचे अडथळे आहेत.

एवढे केल्यावर एक प्रश्न उरतो: वीज केव्हाही जाणार असेल तर एस-3 झोपेवर विसंबावे का? मी आता विसंबत नाही. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून संगणक बंद होतो, त्यामुळे मध्ये लाईन गेली, आली, पुन्हा गेली तरी त्याला काही फरक पडत नाही. त्यासाठी लागणारी फाइल विंडोज 10 मध्ये सहसा रॅमच्या 40 टक्के आकाराची असते, म्हणजे 8 जीबी रॅमला साधारण सव्वातीन जीबी. एसएसडी ही वेगवान डिस्क असेल तर परत येण्यालाही फार वेळ लागत नाही. मी अर्ध्या तासाने स्लीप आणि त्यानंतर हायबरनेट अशी दोन टप्प्यांची व्यवस्था ठेवली आहे. यात एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: स्लीपमधून हायबरनेटमध्ये जाताना संगणक क्षणभर उठतो, डिस्कवर लिहितो आणि बंद होतो. लॉगमध्ये त्याची नोंद एस-4 डोझ टू हायबरनेट अशी येते; एस-4 म्हणजे हायबरनेटच. तो बिघाड नव्हे. हायबरनेटमधून आमचे यंत्र रिमोटने उठत नाही, सकाळी एकदा बटण दाबावे लागते. बाबांची त्याला हरकत नाही.

बायोसमध्ये ईआरपी नावाचा पर्याय असेल तर तोही पाहावा. युरोपीय संघाने बंद उपकरणांच्या वीजवापरावर मर्यादा घातली, 2013 पासून ती साध्या स्टँडबायसाठी अर्ध्या वॅटवर आणली, आणि तिच्यामुळे हा पर्याय मदरबोर्डांवर आला. तो चालू केला की बंद किंवा हायबरनेट स्थितीत नेटवर्क कार्डाची आणि बहुतेक यूएसबीची वीज तुटते, त्यामुळे त्यांच्याकरवी उठण्याचा प्रश्नच राहत नाही.

नव्या छोट्या संगणकांवर यातले पुष्कळ लागू पडत नाही, कारण त्यांच्यात अनेकदा एस-3 नसतोच. त्याऐवजी मॉडर्न स्टँडबाय असतो, ज्यात यंत्र मोबाइलप्रमाणे अर्धवट जागेच राहते. पॉवरसीएफजीपुढे नुसता ए लिहिला की आपल्या यंत्राला कोणत्या झोपा येतात ते दिसते. तिथे एस-3 नसेल तर हायबरनेटखेरीज दुसरे काही सुचवावे असे मला वाटत नाही.

राहता राहिला बायोसचा सेल. ही सगळी सेटिंग्ज आणि घड्याळ सीआर 2032 या 3 व्होल्टच्या सेलवर टिकून असतात, आणि तासन्‌तास वीज नसलेल्या घरात तो सेल अधिक झिजतो. जुन्या यंत्रातला सेल दमला की लांब भारनियमनानंतर घड्याळ मागे जाते, बायोस मूळ सेटिंग्जवर परत जातो आणि बंद केलेली झोपमोड पुन्हा सुरू होते. आर्वीच्या बाजारात घड्याळवाल्याकडे हा सेल सहज मिळतो. तो बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा, म्हणजे नंतर सगळे पर्याय आठवून भरत बसावे लागत नाही.