नाटकाच्या दौऱ्यावर इंटरनेट: डेटा प्लॅन निवडतानाचा माझा अनुभव

आमच्या धंद्यात प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा तक्ता. प्लॅन कधी उघडतोय, प्लॅनवर किती गेले, बाल्कनी उघडायची का, हेच दिवसभर चालतं. मी व्यावसायिक नाटकाचा व्यवस्थापक आहे, घर कळव्याला, आणि दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत निम्मे दिवस बसमध्ये आणि लॉजवर जातात. मोबाईलच्या प्लॅनचा मी कधी विचारच केला नव्हता, कळवा नाक्यावरच्या दुकानात जायचं, "नेहमीचा मारा" म्हणायचं आणि निघायचं, एवढंच.

नोव्हेंबर २०२४ ला कोकणात चार प्रयोगांचा दौरा होता. शेवटचा प्रयोग सिंधुदुर्गातल्या एका गावात, रात्री आठचा. ऑनलाईन तिकिटं अर्धीच गेलेली, बाकी सगळी गर्दी खिडकीवर येणार हे माहीत होतं. साडेसहाला रांग लागली आणि पहिल्या दहा मिनिटांत कळलं की पैसे जातच नाहीयेत, लोक क्यूआर स्कॅन करतायत, गोल फिरतंय, कोणाचे कापले गेले पण माझ्याकडे मेसेज नाही, कोणाचं काहीच नाही, मागचे लोक ओरडायला लागले, माझ्या फोनवर ऑनलाईन बुकिंगचा तक्ता उघडेना म्हणून कुठल्या खुर्च्या मोकळ्या आहेत तेच मला दिसेना. वीसेक किलोमीटरवरून रिक्षा करून आलेले एक आजी-आजोबा होते, दोघांकडे मिळून रोख तीनशे रुपये. त्यांना मी तसंच आत सोडलं, पैसे नंतर द्या म्हणलं. पण तीस-पस्तीस माणसं परत गेली. आत नाटक चालू, बाहेर मी रिकाम्या खुर्च्या मोजतोय, त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

बसमध्ये सगळ्यांचं एकच, कंपनी बदल. लाईटवाले दादा म्हणाले माझी घे, आमच्या कलाकार मावशी म्हणाल्या माझी घे, आणि गंमत म्हणजे त्यांच्यातलं कोणाचंच त्या खिडकीवर चाललं नव्हतं. घरी आल्यावर मी ठरवलं की आधी नीट समजून घ्यायचं, मग पैसे घालायचे.

पहिलं काम म्हणजे हिशोब. फोनच्या सेटिंगमध्ये रोजचा डेटा वापर दिसतो, तो मी महिनाभर वहीत लिहिला. माझा प्लॅन रोज २ जीबीचा, २८ दिवसांचा. प्रवासाच्या दिवशी मॅप आणि थोडं व्हॉट्सअ‍ॅप, ३००-४०० एमबीत दिवस संपतो. घरी वायफाय आहे, म्हणजे जवळपास शून्य. आणि प्रयोगाच्या दिवशी गरज ३ ते ४ जीबीची, कारण जाहिरातीचे व्हिडिओ अपलोड करायचे असतात, पुढच्या गावच्या, प्रयोग घेणाऱ्या ठेकेदाराला व्हिडिओ कॉलवर सेटची मापं दाखवायची, स्टेजची खोली बघायची, लॅपटॉप हॉटस्पॉटवर लावून बिलं करायची, आणि तासभर व्हिडिओ कॉल झाला की जवळजवळ एक जीबी त्यातच जातो. बेरीज केली तर ५६ जीबीचे पैसे भरून मी त्याच्या निम्म्याच्या आसपास वापरले होते, आणि तरीही नऊ दिवस कोटा संपला होता!! इथे माझी ट्यूब पेटली. रोजचा कोटा रात्री बाराला वाया जातो, उरलेला उद्या मिळत नाही. ज्याचे सगळे दिवस सारखे असतात त्याच्यासाठी तो प्लॅन बनलाय, दौऱ्यावरच्या माणसाचा एक दिवस उपाशी आणि एक दिवस चार ताटांचा. आणि कोटा संपल्यावर जो ६४ केबीपीएस स्पीड मिळतो त्यात साधा मेसेज कसाबसा जातो, फोटो सुद्धा जात नाही, "अनलिमिटेड" या शब्दाखाली हे बारीक अक्षरात असतं ते प्रत्येकाने वाचलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

व्हीआयच्या काही प्लॅनमध्ये आठवड्यात उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो आणि रात्री १२ ते सकाळी ६ कोट्यातून कापला जात नाही, हे मला तेव्हाच कळलं. आमचे जास्त प्रयोग शनिवार-रविवारीच असतात आणि बसचा प्रवास रात्रीचा, त्यामुळे नाटकवाल्यांनी हे जरूर बघावं.

आता पैसे. जुलै २०२४ ला सगळ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले ते आठवत असेलच. जिओचा रोज २ जीबीवाला २८ दिवसांचा २९९ वरून ३४९ झाला, ८४ दिवसांचा ७१९ वरून ८५९. आता २८ दिवसांचा म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज, ३४९ गुणिले १३ म्हणजे ४५३७ रुपये. तोच ८४ दिवसांचा घेतला तर दिवसाला सव्वादहा रुपयांच्या आसपास, वर्षाला पावणेचार हजारांच्या आत. आठशे वाचतात, पण माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट ही की प्लॅन दौऱ्याच्या मधेच संपत नाही. रेंज नसलेल्या घाटात रिचार्ज संपल्याचा मेसेज येतो तेव्हा काय वाटतं ते ज्याचं त्यालाच माहीत.

आणि सगळा डेटा एकदम देणारे प्लॅनही असतात, ते दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. एअरटेल आणि व्हीआय दोघांकडे तेव्हा १९९९ रुपयांत ३६५ दिवस आणि वर्षाचे मिळून २४ जीबी असा प्लॅन होता (पुढे दर बदलत राहतात, घेताना अ‍ॅपमध्ये बघा). २४ जीबी ऐकायला कमी वाटतात, पण दुसऱ्या सिमसाठी हेच पाहिजे होतं, पाहिजे तेव्हा काढा, उरलेलं तसंच राहतं, लागला तर वरून डेटा पॅक टाका.

दुसरं सिम का, तर पोर्ट करायचा विचार मी दोन दिवस केला आणि सोडला. पोर्ट करणं अवघड नाही, १९०० ला पोर्ट लिहून आपल्या नंबरसकट मेसेज करायचा, कोड येतो, तो चार दिवस चालतो, एकाच सर्कलमध्ये (म्हणजे मोबाईल सेवेच्या एकाच विभागात) तीन वर्किंग दिवसांत काम होतं. पण त्याने मला काय मिळणार होतं? एका कंपनीचे खड्डे सोडून दुसरीच्या खड्ड्यात. ज्या गावात हिचं चालतं तिथे तिचं नाही आणि तिचं चालतं तिथे हिचं नाही, म्हणून दौऱ्यावर वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिम पाहिजेतच.

मग कुठे काय चालतं ते शोधायला लागलो आणि खरं सांगतो मला त्यात गोडी लागली. अँड्रॉईडमध्ये सेटिंगमध्ये फोनबद्दल जी माहिती असते तिथे सिम स्टेटसमध्ये सिग्नलचा आकडा दिसतो, उणे ८५ म्हणजे छान, उणे ११० च्या पुढे गेलं की समजायचं संपलं. दांड्या बघून काही कळत नाही, आकडा बघायचा. जानेवारी ते मार्च मी प्रत्येक नाट्यगृहात हा आकडा तीन ठिकाणी लिहिला, तिकीट खिडकी, मेकअप रूम आणि बाहेरचं गेट, एकदा सकाळी सेट लागताना आणि एकदा संध्याकाळी सातला. नाशिक, सांगली, रत्नागिरी, चिपळूण आणि आपलं ठाण्याचं घाणेकर नाट्यगृह. कोल्हापूर या वेळी नव्हतं, तिथलं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ ला जळालं, तिथून बस गेली की अजून पोटात तुटतं.

वहीतून दोन गोष्टी निघाल्या. एक, नाट्यगृहाच्या भिंती जाड, खिडकी बहुतेक वेळा जिन्याखाली नाहीतर आतल्या कोपऱ्यात, आणि ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्झसारख्या वरच्या लहरी भिंतीतून आत फारशा शिरत नाहीत, ७००, ८५०, ९०० अशा खालच्या लहरी शिरतात. म्हणून फोनवर ५जी लिहून येतं आणि काहीच चालत नाही, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन फक्त ४जी केलं की बऱ्याचदा गाडी चालू होते. फोन विकत घेताना आणि सिम घेताना आपल्या फोनला कुठले बँड आहेत ते बघा, जिओचं ५जी ७०० वरही आहे, बीएसएनएलचं ४जी पण ७०० आणि २१०० वर, फोनमध्ये २८ नंबरचा बँड नसेल तर त्या ७०० चा तुम्हाला काही उपयोग नाही.

दोन, सकाळचा आणि सातचा सिग्नल सारखाच असतो पण सातला नेट रांगतं. छोट्या गावात एक टॉवर, आणि त्याच्याखाली अचानक सहाशे-सातशे माणसं फोन हातात घेऊन. मी सकाळी चेक करून "इथे चालतंय" म्हणून निवांत व्हायचो, ती चूक होती. म्हणून आता जो काही तक्ता, यादी, तिकिटं लागतात ते पाचच्या आत डाउनलोड करून प्रिंट काढून ठेवतो.

एप्रिल २०२५ पासून ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमामुळे कंपन्यांना आपापल्या वेबसाईटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो, २जी, ४जी, ५जी वेगवेगळं. मेच्या दौऱ्याआधी मी गावागावाचं झूम करून बघितलं. रस्त्यासाठी उत्तम आहे, कुठे दुसऱ्या सिमवर जायचं ते आधीच कळतं, पण भिंतीच्या आत काय आहे ते नकाशा सांगत नाही, तिथे वहीच.

सिमची भानगड सांगतो. माझ्या फोनला एकच खाच, म्हणून पहिला नंबर ई-सिम (वेगळी चिप नसलेलं, फोनमध्येच असणारं सिम) करून घेतला. ते गुरुवारी केलं आणि शुक्रवारी सकाळी नाट्यगृहाचं भाडं भरायचं होतं. ओटीपीच येईना. सिम बदललं की २४ तास मेसेज बंद ठेवतात, फसवणूक होऊ नये म्हणून, नियम चांगला आहे पण मला माहीत नव्हता. बायकोच्या खात्यातून पैसे भरले म्हणून तारीख वाचली. ई-सिम करायचं तर दौऱ्याच्या आठवडाभर आधी करा आणि बँकेचं काम नसलेल्या दिवशी करा, कृपा करून.

मोकळ्या खाचेत बीएसएनएल घातलं, ते चिपळूणला घेतलं. आपलं ठाणे-नवी मुंबई मुंबई सर्कलमध्ये येतं आणि बाकीचा महाराष्ट्र गोव्याबरोबर वेगळ्या सर्कलमध्ये, म्हणून नंबर तिकडचा. आधार लागलं आणि मी बाहेरगावचा म्हणून तिथला एक ओळखीचा नंबर मागितला, आमच्या तिथल्या ठेकेदाराचा दिला. आतल्या गावांसाठी ते ठेवलंय. तेव्हा त्यांचं ४जीचं काम चालूच होतं, उद्घाटन नंतर २७ सप्टेंबर २०२५ ला झालं. एका माणसाच्या नावावर नऊच सिम चालतात, म्हणून संचार साथी या सरकारी वेबसाईटवर आपल्या नावावर किती आहेत ते बघून घ्या, माझ्या नावावर आईचं, बायकोचं आणि एक कधीच बंद केलेलं असं निघालं.

आता मुख्य गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा कळली. खिडकीवर पैसे देताना नेट माझ्या फोनला नाही, समोरच्याच्या फोनला लागतं! मी चार सिम घेतली असती तरी त्या आजोबांचे पैसे गेले नसते. आणि एका यूपीआय व्यवहाराला डेटा लागतो तो चिमूटभर, जीबी लागत नाहीत, फक्त चालू लाईन लागते. म्हणून दुसऱ्या कंपनीचं ते वर्षाचं सिम मी घरातल्या जुन्या ४जी फोनमध्ये घातलं, तो फोन खिडकीच्या जवळ जिथे वहीत चांगला आकडा आहे तिथे हॉटस्पॉट चालू करून चार्जरला लावून ठेवतो, कधी जिन्याच्या वरच्या पायरीवर, कधी गेटच्या आत, आणि खिडकीवर पुठ्ठ्यावर लिहितो, तिकिटासाठी वायफाय, खाली पासवर्ड. एकावेळी आठ-दहा फोन लागतात, पैसे दिले की लोक आत जातात, आपोआप सुटतात. पासवर्ड प्रत्येक प्रयोगाला बदलतो, कारण पहिल्या वेळी तोच ठेवला आणि परतीच्या बसमध्ये आपल्याच लोकांनी क्रिकेट लावलं, चाळीस मिनिटांत अडीच जीबी. आता बसमध्ये हॉटस्पॉट मिळणार नाही हे मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलंय, लहान पोरगं घरी आजारी असेल त्याला कॉलपुरता देतो.

ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याला स्टार नव्याण्णव हॅशवरून इंटरनेटशिवाय यूपीआय करता येतं, एक कागद तोही चिकटवलाय.

मेमध्ये त्याच गावात परत प्रयोग लागला. सकाळी दहाला पोचल्यावर मी सेटच्या आधी जुना फोन घेऊन खिडकीपासून गेटपर्यंत फिरलो, जिन्याखाली उणे ११४, गेटच्या डाव्या खांबाशी उणे ९३. डोअरकीपर काकांना सांगून खांबाला पिशवीत फोन बांधला, वायर त्यांच्या टेबलामागून ओढली. साडेसहाला रांग लागली, पहिल्या माणसाचे पैसे गेले, मेसेज आला, मी दुसऱ्याला तिकीट फाडून दिलं. काका खांबाजवळ स्टूल घेऊन बसले ते तिसरी घंटा होईपर्यंत उठले नाहीत, कोणी वायरला पाय लावू नये म्हणून.