कुणाच्या डावीकडे?

दुपारचे अडीच वाजले असतील. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढत होतो, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर लोखंडी कपाट अडकलेलं. वरच्या टोकाला एक माणूस, खालच्या टोकाला दुसरा. वरचा मला दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

"डावीकडे घे."

"घेतलं."

"अरे, डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे?"

वर क्षणभर शांतता. मग, "तुझ्या." मग जरा विचार करून, "नाही, थांब. माझ्या."

कपाट हललं, कठड्यावर आपटलं, परत होतं तिथेच आलं. दाराला बांधलेली सुतळी सुटली आणि आतून एक हँगर निसटून टकटक करत माझ्या पायापर्यंत उतरून आला. "तू सोडलंस," खालचा म्हणाला. "मी कशाला सोडू? तूच ढकललंस," वरचा. मी पिशव्या पायरीवर ठेवल्या. घाई नव्हती, आणि असती तरी जाणार कुठून?

न राहवून मी म्हटलं, "डावीकडे-उजवीकडे नका म्हणू. भिंतीकडे, कठड्याकडे असं म्हणा ना." खालच्याने वळून माझ्याकडे पाहिलं. नवराबायकोच्या भांडणात शेजाऱ्याने तोंड घातलं की दोघं मिळून बघतात, तसं. मी गप्प बसलो. माझ्या पोटात हसू जमायला लागलं होतं आणि ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मी पिशवीतल्या सामानाची उगीचच उलथापालथ करत बसलो.

आता हे हसू काही त्या दोघांचं नव्हतं. ते फार जुनं होतं. लॉरेल आणि हार्डीला आपण जाड्या-रड्या म्हणायचो. ते आपल्या घरातलेच कुणीतरी असल्यासारखं बारसं आपण कधी केलं कोण जाणे. (आज कुणी नव्याने नाव ठेवलं तर जाड्या म्हणायला कचरेल. कचरावंच.) त्यांचा 1932 सालचा एक छोटा सिनेमा आहे. दोघांना एक पियानो शंभरावर पायऱ्या चढवून एका घरी पोचवायचा असतो. गोष्ट संपली. बाकी सगळा वेळ पियानो वर जातो आणि खाली येतो. शेवटी धापा टाकत ते माथ्यावर पोचतात, तेव्हा पोस्टमन सांगतो की अरे, मागून रस्ता होता, गाडी थेट वर आली असती. यावर ते काय करतात? पियानो परत सगळ्या पायऱ्या उतरवून खाली नेतात, आणि मग रस्त्याने वर आणतात. ह्याला ऑस्कर मिळालं. योग्यच माणसांना मिळालं.

मला तो परत उतरवण्याचा भाग फार आवडतो. एकटा माणूस असं करणार नाही. एकट्याला पटकन आपली चूक कळते, तो चुकचुकतो आणि कामाला लागतो. दोघं असले की एकाला वाटतं, दुसऱ्याने विचार केला असेल. जाड्याला आपण शहाणे आहोत याची खात्री असते आणि रड्याला जाड्या शहाणा आहे याची. एवढ्या भांडवलावर माणसं कुठल्याही थराला जाऊ शकतात. मी नोकरीत असताना ह्याच तत्त्वावर चालणाऱ्या बैठका पाहिल्या आहेत, पण तो विषय वेगळा.

आपल्याकडे हे काम अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी केलं. 1985 साली 'धूमधडाका' आला आणि 1988 साली 'अशी ही बनवाबनवी', आणि त्यानंतर मराठी माणसाला रविवारी दुपारी काय करायचं हा प्रश्न पडलेला नाही. पहिल्याचं मूळ एका तमिळ सिनेमात, दुसऱ्याचं 1966 सालच्या एका हिंदी सिनेमात. म्हणजे चीज आपली नव्हतीच. पण घसरून पडायला कुठे भाषांतर लागतं? 'बनवाबनवी'त भाड्याने जागा मिळत नाही म्हणून बाप्ये साडी नेसतात. इतकं क्षुल्लक कारण. पण ज्याने कधी 'फक्त फॅमिलीला देतो' हे वाक्य ऐकलंय, त्याला ते क्षुल्लक वाटत नाही. त्या साडीचा पदर सावरताना लक्ष्याच्या चेहऱ्यावर जो भाव असतो ना, सगळं चुकीचं चाललंय हे कळतंय पण मित्राने सांगितलंय म्हणजे करायलाच हवं, तो भाव मी पुढे खऱ्या आयुष्यात बऱ्याच चेहऱ्यांवर पाहिला. आरशातही.

माझी एक खोड आहे. असले सिनेमे मी शेवटपर्यंत बघत नाही. शेवटी मारामारी येते, गुंड येतात, गैरसमज दूर होतात, सगळ्यांची लग्नं लागतात. मला त्यात काडीचा रस नाही. दोन मित्रांत खरंखुरं भांडण होण्याचा प्रसंग आला की मी पाणी प्यायला उठतो. आणि नायिकांना ह्या सिनेमांत फसवलं जाण्याखेरीज आणि मग लगेच माफ करण्याखेरीज फारसं काम नसतं, हेही आता डोळ्यांवर येतं. तोतऱ्या माणसावर केलेले विनोद तर तेव्हाही आवडत नव्हते. म्हणजे दोष दिसत नाहीत असं नाही. दिसतात, आणि तरी मी बसलेला असतो.

आमच्या घरी ह्या प्रकाराला एकच शब्द होता, पांचट. बाबांचा शब्द. भाड्याने व्हीसीआर आणला की चाळीतली सगळी पोरं आमच्या खोलीत दाटीवाटीने बसायची. बाबा बसायचे नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे, हातात वर्तमानपत्र. आपण काही सिनेमा बघत नाही, वाटेत उभे आहोत इतकंच. त्यांचं हसणं दिसायचं फक्त खांद्यांवर. आवाज नाही, चेहरा तसाच, खांदे मात्र गदागदा हलायचे. मग ते वर्तमानपत्राची घडी बदलून म्हणायचे, "काय हे पांचट!"

वरच्या मजल्यावरचे काका मात्र स्वतःची खुर्ची घेऊन यायचे. घडीची लोखंडी खुर्ची, एका पायाखाली रबर नसलेली. ती बरोब्बर चौकटीशेजारी, बाबांच्या कोपराखाली मांडायचे. काका विनोदाच्या आधी हसायचे. "आता बघ... आता बघ हं..." असं म्हणता म्हणताच त्यांना हसू फुटायचं, खुर्ची खडखडायची आणि पुढचं वाक्य कुणालाच ऐकू यायचं नाही. बाबा वैतागायचे, "अहो, बघू तर द्या!" मग टेप मागे घ्यायची. परत तीच जागा. परत काका. भाड्याच्या त्या कॅसेटवर लोकांनी पुन्हा पुन्हा मागे घेतलेल्या जागा ओळखू यायच्या. तिथे चित्र फाटायचं, पडद्यावर आडवे पट्टे यायचे. सगळ्यात चांगला विनोद सगळ्यात कमी दिसायचा. आम्ही तो पट्ट्यांच्या मागे ऐकून हसायचो, आणि खरं सांगायचं तर पडद्यापेक्षा दाराकडे जास्त बघायचो.

ओळखीचा विनोद पंचविसाव्यांदा का हसवतो, यावर शहाण्या लोकांनी बरंच काही लिहिलेलं असणार. मी ते वाचायला घेतलं की मला झोप येते.

लॉरेलबद्दल मात्र एक गोष्ट वाचली होती, ती काही डोक्यातून गेली नाही. पडद्यावरचा हा रड्या प्रत्यक्षात दोघांमधला डोकेबाज. विनोद रचायचं काम त्याचं, हार्डी चित्रीकरण संपलं की गोल्फ खेळायला मोकळा. 1957 साली हार्डी गेला. लॉरेल त्यानंतर आठेक वर्षं जगला, पण पुन्हा कुठल्या भूमिकेत उभा राहिला नाही. लिहीत मात्र राहिला. दोघांसाठीचेच विनोद. लक्ष्मीकांत बेर्डे डिसेंबर 2004 मध्ये गेले, पन्नाशीत. अशोक सराफांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बातमी वाचताना मी फोटोत त्यांच्या शेजारची रिकामी जागा बघत बसलो. तिथे फोटोची चौकट संपत होती, बाकी काही नव्हतं.

काका पुढे मुलाकडे राहायला गेले, दुसऱ्या गावी. चाळही सुटली. एका रविवारी नव्या घरात टीव्हीवर तोच सिनेमा लागला, आता पट्ट्यांशिवाय, लख्ख. मी हाक मारली. बाबा आले, चौकटीला टेकून उभे राहिले. ती जागा जवळ आली आणि बाबाच हळूच म्हणाले, "आता बघ." त्यांचे खांदे हलले नाहीत. विनोद होऊन गेला, मी हसलो की नाही आठवत नाही.

कपाट एव्हाना तिसऱ्या मजल्यावर पोचलं होतं. मी माझ्या दारात किल्ली शोधत होतो, तेवढ्यात वरून परत धडपड ऐकू आली. ते दारातून आत जात नव्हतं म्हणे. दारापेक्षा चार बोटं रुंद. मोजायचं कुणी, यावर वाद चालू होता. मग तेच कपाट, तीच माणसं, जिना उतरायला लागली. मी पिशव्या पोटाशी धरून दाराला पाठ लावली.

माझं ऐकलं होतं त्यांनी, हे मान्य करायला हवं.

"भिंतीकडे घे," वरचा म्हणाला.

"कुठल्या भिंतीकडे?"