एकास बारा

शारीरिक अपंगत्व आणि अडथळ्यांवर मात या विषयावर स्मरणिकेसाठी दोन पानं द्यावीत, असं महोत्सव समितीचं पत्र आलं. मी हस्तव्यवसायाच्या सरांबद्दल लिहिणार आहे, त्यात समितीचा विषय आपोआप येईल. सर म्हणजे कोणते, हे माजी विद्यार्थ्यांना सांगायला नको. कानामागे पेन्सिल आणि खिशात टेप असायची, तेच.

पायाला कॅलिपर, म्हणजे लुळ्या पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, लावून किंवा कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलांशी बाकीचे शिक्षकही मायेनेच वागत. पुढच्या बाकावर बसवत, खेळाच्या तासाला सूट देत, जिद्दीचं तोंडभर कौतुक करत. सरांच्या तोंडून असं कौतुक कधी निघालं नाही. ते मूल कुठे अडतंय ते बघत आणि तिथे टेप लावत.

मुख्य इमारतीच्या पायऱ्यांशेजारचा उतार सगळ्यांनी पाहिलाय, पण तो दुसऱ्यांदा बांधलेला आहे हे नव्या मुलांना ठाऊक नसेल. पायऱ्या तीन, प्रत्येकी १५ सेंटिमीटरची, म्हणजे एकूण चढ ४५ सेंटिमीटर. एकास बाराच्या, म्हणजे चढाच्या बारापट लांबीच्या, हिशेबाने उताराची लांबी ५.४ मीटर व्हायला हवी. ठेकेदाराने जागा वाचवली, अडीच मीटरमध्येच उतार जमिनीला टेकवला आणि वरून छान तुळतुळीत घोटून दिला. सरांनी सुतळी ताणून माप घेतलं, मग एक बादली पाणी ओतलं आणि ठेकेदाराच्या हातात कुबड्या दिल्या.

“पोरं दमदार आहेत मास्तर, चढतील की,” ठेकेदार म्हणाला.

“चढतील हो. उतरायचं कसं ते करून दाखवा.”

ठेकेदाराने करून दाखवलं नाही. इतक्या तीव्र उतारावर चढताना कुबडी तिरकी टेकते, तिच्या रबरी टोपीची फक्त कडा जमिनीला लागते आणि पकड सुटते. उतरताना शरीराचा भार पुढे जातो आणि कुबडी आधीच घसरलेली असते. चाकाची खुर्ची चढवताना मागे उलटू शकते. उतार फोडला. सरळ रेषेत तेवढी लांबी बसत नव्हती, म्हणून मधे दीड मीटरचा सपाट टप्पा घेऊन काटकोनात वळवला. दोन्ही कडांना चाक आणि कुबडी बाहेर जाऊ नये म्हणून बुटकी कड ठेवली. सिमेंट ओलं असतानाच सरांनी सुतळी दाबून त्यावर तिरक्या रेघा उमटवल्या. आडव्या रेघांत पाणी साचतं, तिरक्यांतून ते निथळून जातं. तो उतार पावसाळ्यातही निसरडा होत नाही, त्याचं कारण त्या रेघा.

खरं कसब मात्र कॅलिपरच्या कडीत होतं. मांडी लुळी असलेल्या मुलाच्या कॅलिपरला गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना सांधा असतो आणि वर एकेक कडी. पाय सरळ केला की कडी आपल्या वजनाने सांध्यावर घसरते आणि गुडघा बंद होतो. बसायचं तर दोन्ही कड्या वर उचलायच्या. सांगायला सोपं आहे. गुडघा जरा जरी वाकायला बघत असेल, तर कडीवर ताण येतो आणि ती हलत नाही. मूल घाईने ओढतं, एक कडी निघते, दुसरी अडकते आणि सगळा भार एकाच सांध्यावर जाऊन तो पिळवटतो. सर सांगत: आधी टाच जमिनीत दाब, गुडघा मागे रेट, मग उचल. उभं राहिल्यावर पाऊल टाकण्याआधी दोन्ही कड्या बसल्या का ते बोटाने चाचपायचं. पॅन्टचं कापड कडीखाली सापडलं तर ती अर्धवट बसते आणि नेमकी पायरीवर दगा देते.

कड्या कुरकुरायला लागल्या की घरची माणसं तेल सोडत. सर चिडत, कारण तेलाला धूळ चिकटते आणि आठवड्याभरात काळा राप बसून कडी जाम होते. ते रॉकेलच्या फडक्याने सांधा पुसायचे, कोरडा होऊ द्यायचे आणि चित्रकलेच्या मऊ पेन्सिलीचं शिसं पट्टीवर घासून लावायचे. शिशाने कडी सुळकन घसरते आणि धूळ धरत नाही. आज माझ्या कॅलिपरच्या कार्यशाळेत त्यासाठी ग्रॅफाइटची भुकटी डबीत येते. वस्तू तीच.

मूल वाढतं, कॅलिपर वाढत नाही. हाड लांबलं की लोखंडी सांधा खऱ्या गुडघ्याच्या खाली राहतो, बसता-उठताना पट्टे वर-खाली सरकतात आणि कातडी सोलवटते. बाजूच्या पट्ट्या दोन तुकड्यांच्या आणि भोकं पाडलेल्या असतील, तर स्क्रू काढून त्या लांबवता येतात. सर दर सत्राच्या सुरुवातीला पाहत आणि बोटभर फरक दिसला की पालकांना चिठ्ठी पाठवत. कॅलिपर काढल्यावर कातडीवरचा लालपणा वीस मिनिटांत गेला नाही, तर तिथे दाब आहे असं समजायचं. पोलिओच्या पायाला स्पर्श कळतो, दुखलं तर मूल सांगतं. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे बधिर झालेल्या पायांचं तसं नाही. तिथे जखम होते आणि मुलाला पत्ताच नसतो, म्हणून रोज डोळ्यांनी बघावंच लागतं.

मागच्या भिंतीशी असलेलं उभं डेस्क आठवतं का? कित्येकांना ती शिक्षेची जागा वाटायची. दिवसभर वाकलेल्या गुडघ्याने बसलं की मांडीमागचे आणि खुब्यापुढचे स्नायू आखडतात. मग गुडघा पूर्ण सरळ होत नाही, आणि तो सरळ झाला नाही तर कडी पडतच नाही. अशा मुलाला कितीही चांगलं कॅलिपर दिलं तरी ते उभं राहू शकत नाही. म्हणून रोज एकदोन तास उभ्याने लिहायचे. बाकाची पाय ठेवायची आडवी फळीही सरांनी एका टोकाला कापून टाकली होती, कारण कॅलिपरचा बूट तिच्यात अडकायचा. ज्या पायात कॅलिपर, त्या बाजूचं टोक त्या मुलाचं.

कुबड्यांची मापंही तेच तपासत. बगलेत दोन-तीन बोटं जागा, मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं. भार तळहातावर यायला हवा. बगलेवर लटकलं तर तिथली नस दबते आणि मनगट लुळं पडतं, म्हणजे पायाबरोबर हातही गेला. पायऱ्या चढताना धडधाकट पाय आधी, उतरताना कुबड्या आणि अधू पाय आधी, हे तर त्यांनी वर्गातल्या सगळ्याच पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. मदत करणाऱ्यालाही ते कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

आणि पडणं! लांब उडीच्या हौदात सर पडायला शिकवत. तोल गेला की कुबड्या दोन्हीकडे दूर फेकायच्या, नाहीतर आपण त्यांच्यावरच पडतो. तळहात पुढे, कोपरं सैल, तोंड एका बाजूला. ताठ हातावर पडलं की मनगट मोडतं. ठिसूळ हाडांच्या किंवा स्नायू झिजत चाललेल्या मुलांना त्यांनी हे करू दिलं नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणालाच नाही. आज हौदात असं शिकवायला कुठली शाळा धजेल, मला शंका आहे.

आता माझं रोजचं काम कॅलिपर बनवण्याचं. चामडं आणि लोखंड मागे पडलं, पायाच्या साच्यावर प्लास्टिक ओढून घेतो. हलकं असतं, बुटाच्या आत बसतं, पण घाम धरतं, आणि मूल वाढलं की लांबवता येत नाही, नवंच करावं लागतं. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, त्यामुळे त्या आजाराची लहान मुलं आता येत नाहीत. येतात ते आपल्या वयाचे. पोलिओनंतर पंधरा ते चाळीस वर्षांनी काहींचे स्नायू पुन्हा कमजोर होतात, थकवा येतो, सांधे दुखतात. स्नायू हलवणाऱ्या, आजारातून वाचलेल्या चेतापेशींनी इतकी वर्षं जास्तीचा भार ओढलेला असतो. अशा माणसाला ‘व्यायाम वाढव, पूर्वी किती जिद्दीचा होतास’ असं सांगणारे भेटतात, तेव्हा मला सरांची फार आठवण येते. थकेपर्यंत केलेला व्यायाम इथे उलटतो. मधेमधे विश्रांती घ्यायची, माळ्यावर टाकलेलं कॅलिपर किंवा काठी परत हातात घ्यायची. शाळेत असताना कॅलिपर सुटणं म्हणजे जिंकणं असा एक समज होता, तो सोडवायला मला तासतास बोलावं लागतं.

नव्या इमारतीत लिफ्ट आहे, आनंद आहे. तिला कुलूप असतं, किल्ली कार्यालयात आणि कार्यालय पहिल्या मजल्यावर. उताराच्या पायथ्याशी दुचाक्या लागतात. हस्तव्यवसायाचा तास गेला आणि उभं डेस्क भंगारात गेलं, असं कळलं. डेस्क पुन्हा करायचं असेल तर मापं अशी: वरची फळी बूट-कॅलिपर घातलेल्या मुलाच्या कोपराइतकी उंच, वर-खाली करायला दर ३ सेंटिमीटरवर खुंटीची भोकं, पुढच्या कडेला वही अडेल अशी पट्टी आणि मागे खुब्याच्या उंचीवर वीतभर रुंदीचा आधाराचा पट्टा. लाकूड मी पाठवतो, सुतार तुम्ही बघा.