घोडा, ससा, शेळी आणि आपली विळी

परदेशी नोकरीच्या अर्जात पदव्या येतात, अनुभवाची वर्षं येतात. नारळ खोवता येतो हे कुणी लिहीत नाही. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातून बोटीवर चढलेल्या किंवा मोम्बासा, बँकॉक, मनिला अशा ठिकाणी कामाला गेलेल्या माणसाला माणसं जोडताना हीच विद्या पदवीच्या आधी उपयोगी पडते.

कारण विळी तिथेही आहे, फक्त तिला चार पाय फुटलेत. फिलिपिन्समध्ये नारळ खोवायच्या बैठ्या खवणीला ‘काबायो’ म्हणतात, म्हणजे घोडा, कारण तिच्यावर मांड टाकून बसायचं. थायलंडमध्ये तीच ‘क्रताय’, म्हणजे ससा होते. पुढे आलेलं दातेरी पातं सशाच्या दातांसारखं दिसतं, आणि जुन्या खवण्यांचं लाकूड तर सशाच्याच आकारात कोरलेलं असतं. केनियाच्या किनाऱ्यावर आणि झांझिबारला ती ‘म्बुझी’, म्हणजे शेळी. फुलीसारख्या उघडणाऱ्या दोन फळ्या, वर बसायचं, पुढे पातं. घाटावरच्या माणसाला हे नवं वाटेल, कारण त्याच्या घरी विळीचा पाट पायाखाली दाबून, एक गुडघा उभा धरून खोवतात. मालवणकडचा मात्र आडाळीवर, म्हणजे तिकडच्या बैठ्या विळीवर, बसायला सरावलेला असतो. त्याला म्बुझी दाखवली की तो न विचारता बसतो.

आणि बसला की कळतंच. नवखा माणूस वाटीच्या मधोमध पातं घालतो. मध्ये खड्डा पडतो, कडा जाड राहतात, वाटी घसरते आणि बोटांची सालं निघतात. सरावलेला हात कडेपासून सुरुवात करतो, दर ओढीला वाटी थोडी फिरवतो आणि तपकिरी पापुद्रा दिसू लागला की तिथेच थांबतो. तो पापुद्रा चवात उतरला तर दूध मळकट होतं. (खोवलेल्या खोबऱ्यालाच ‘चव’ म्हणणारी भाषा आपली, हे त्या लोकांना समजावून सांगण्यात एक अख्खी संध्याकाळ छान जाते.) हे चार हात बघायला भाषा लागत नाही. समोरची मावशी मान डोलावते आणि दुसरी वाटी पुढे करते.

भाषेचंही तसंच. इंग्रजीतला ‘कोकोनट’ घेऊन गेलेल्या माणसाकडे एकच शब्द असतो, म्हणून प्रश्नही एकच. ज्याच्या घरी शहाळं वेगळं, नारळ वेगळा, दूध वेगळं आणि पिळून उरलेला चोथा वेगळा, त्याला ठाऊक असतं की इथेही चार नावं असणार. केनिया-झांझिबारकडच्या स्वाहिली भाषेत दाफू, नाझी, तुई, माचिचा. फिलिपिनोत बुको, नियोग, गाता, सापाल. बोट दाखवायचं, विचारायचं, चुकीचं उच्चारायचं. चुकीच्या उच्चारावर जे हसू येतं, ते ऑफिसच्या ओळख-परेडमध्ये येत नाही.

दूध काढायची रीत जवळपास सारखीच. मध्यम नारळाचा दोन-अडीच वाट्या चव निघतो. त्यावर आधी अर्धी वाटी कोमट पाणी घालून घट्ट दूध पिळायचं, मग वाटीभर पाणी घालून पातळ. झांझिबारला विणलेली लांबट थैली वापरतात, ‘किफुंबू’, आपल्याकडे पंचा. फ्रिजमधला नारळ तसाच पिळला तर दूध येत नाही, कारण खोबऱ्यातलं तेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. थंडीच्या देशात लोक नारळालाच दोष देतात. पाणी गरम घ्यावं, एवढंच.

पण अनुभव कधीकधी आडवाही येतो. आपल्याकडे दूध घातल्यावर आच मंद करायची, हलवत राहायचं, कडकडीत उकळी आली की दूध फुटलं म्हणून हळहळायचं. थायलंडमध्ये नेमकं उलटं. घट्ट दूध, ‘हुआ काथी’, मुद्दाम आटवून फोडतात. तेल सुटलं की त्यातच वाटलेला मसाला परततात. अशा वेळी घाईघाईनं गॅस बारीक करायला हात पुढे करणारा पाहुणा, कितीही सरावलेला असला, तरी डोक्याला तापच. हात मागे घेऊन ‘तेल सुटू द्यायचं का?’ असं विचारणारा मात्र तिथे टिकतो. डब्यातलं दूध बऱ्याचदा फुटतच नाही, कारण ते फुटू नये म्हणून त्यात आधीच काहीबाही घातलेलं असतं. त्यावर चिडण्यात दोन्ही देश एक होतात.

बोटीवर खवणी नसते. तिथे नारळ पाकिटातून येतो आणि गप्पा मेसच्या टेबलावर होतात. शेजारी बहुधा फिलिपिनो, त्यातही तिकडच्या बिकोल भागातला निघाला तर त्याला अळूबद्दल विचारावं. तिकडे ‘लाइंग’ करतात, म्हणजे वाळवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली. शब्द सापडले नाहीत तर घशाला बोट लावून खाजवल्यासारखं करावं. त्याला लगेच कळतं. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांचा चिमटा असतो, हे दोन्ही किनाऱ्यांनी रसायनशास्त्र न शिकता ओळखलंय. आपण चिंच नाहीतर आमसूल घालतो, हाताला तेल लावून पानं चिरतो. त्यांचा नियम असा की पानं पुरती शिजेपर्यंत ढवळायचं नाही, ढवळलं तर खाज सुटते. कोण बरोबर, यावर पहारा बदलेपर्यंत वाद चालतो. त्या वादात घरची आई, पाऊस, परसातला ओहोळ सगळं आपोआप येतं, मुद्दाम काढावं लागत नाही.

‘आमच्याकडे याहून छान करतात’ हे वाक्य मात्र गिळून टाकावं. मोम्बासाचा ‘वाली वा नाझी’ नारळाच्या दुधातला, मीठ घातलेला भात असतो. आपला नारळीभात गुळाचा. आधी त्यांचा दोनदा वाढून घ्यावा, मग आपला करून न्यावा.

आणि खोवून झालं की म्बुझी मिटवून भिंतीला टेकवावी. पातं उघडं ठेवून उठणाऱ्याला घरी जो ओरडा बसतो, त्याचं स्वाहिली भाषांतर ऐकायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.